उत्तराचा गजर

दोन वर्षांपूर्वी, सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी, लालबागमधल्या आमच्या जुन्या चाळीच्या पटांगणात हरेश बुवांनी माझी नोकरी गेल्याची बातमी गाऊन सांगितली. बातमी खरी होती. पहिल्या रांगेत माझी आई बसली होती. तिला ती तोपर्यंत माहीत नव्हती.

जानेवारी पुन्हा आला आहे. करी रोडच्या पुलाखाली मंडपाचे बांबू येऊन पडले आहेत, आणि गल्लीच्या तोंडाशी पूजेचे फलक लागले आहेत. बाहेरच्या माणसाला लालबाग म्हटलं की भाद्रपद आठवतो. चाळीतल्या माणसांचा घरचा मोसम मात्र हा. सकाळी झेंडावंदन, मुलांना खाऊ, दुपारी सार्वजनिक सत्यनारायण, संध्याकाळी भजनाची डबलबारी. सकाळी उन्हं गॅलरीच्या कठड्यापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. घराघरातून आणलेल्या पातेल्यांत शिरा होतो, आणि केळं, तूप, वेलची यांचा वास जिन्यावरून वर चढत जातो. पखवाजवाला पायरीवर बसून डाव्या पुडीला ओली कणीक लावत असतो. पेटीचे सूर तपासताना कोणीतरी एकच पट्टी दाबून धरतं, आणि ती एक पट्टी सगळ्या चाळीला ऐकू येते.

डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोन साथसंगती, एक रंगमंच. पहिला बुवा गातो, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. अभंग होतात, गवळण होते. लोक थांबतात ते गजरासाठी, कारण गजरात बुवा देवाचं नाव घेत समोरच्या बुवाला टोमणे मारतो. टोमणा स्वतः रचलेला हवा, चालीत बसलेला हवा आणि खरा हवा. ऐकणारे सगळे कोकणातल्या त्याच दोन-तीन तालुक्यांतले. कोणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना ठाऊक असतं. खोटा टोमणा मारणाऱ्या बुवाला ते बसू देत नाहीत. परीक्षक नसतो. निकाल लोक घरी जाताना एकमेकांना सांगतात.

बाई गायला बसली तरी तिला बुवाच म्हणतात. मी गेली बरीच वर्षं बुवा आहे. त्याआधीपासून आणि त्याच्या जोडीने मी एका मराठी दैनिकात डेस्कवर उपसंपादक होते. माझे अभंग, गवळणी, गजर मीच लिहिते आणि मीच चाल लावते. हरेश बुवा माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांचं गाव आमच्या गावाला लागून, मधे एक वहाळ, पावसाळी ओढा. आवाज गोड, उजव्या हाताची बोटं पेटीवर पाण्यासारखी फिरतात. हे मी आजही नोंदवते, कारण ते खरं आहे.

त्या संध्याकाळी त्यांनी गायलेल्या ओळी अशा होत्या:

टेबल गेलं, खुर्ची गेली, नोकरी गेली छापखान्याची
तरी आईला रोज सांगते, ड्युटी माझी दुपारची

कोरसने दुसरी ओळ उचलून धरली. मागच्या गॅलरीतून शिट्ट्या आल्या. दैनिकाने आमचं डेस्क बंद करून काही महिने झाले होते. मी रोज जेवून, डबा घेऊन निघायचे आणि कॉटन ग्रीनला एका मैत्रिणीच्या बंद गोदामात पेटी घेऊन बसायचे. आईला सांगायचं होतं. पण दुसरं काम मिळाल्यावर. मी समोर पाहिलं तेव्हा आई हसत नव्हती आणि रडतही नव्हती. तिने मांडीवरचा प्रसादाचा द्रोण बाजूला ठेवला आणि हात पदराला पुसले.

माझी पाळी आल्यावर मी उत्तर द्यायला हवं होतं. बारीतलं उत्तर बारीतच द्यायचं असतं. मी एक जुना अभंग गायले. लोक पाणी प्यायला उठले.

घरी आल्यावर आईने चूल, म्हणजे गॅस, पेटवला नाही. ती कॉटवर बसली आणि म्हणाली, “कामाक जातंय म्हणान सांगी होतंस. मगे जाय खंय होतंस?”

मी सांगितलं.

“आणि ह्या हरेशाक ठावक. माका नाय.”

“आई, मी सांगणार होते.”

“तू गप बस. तुझो राग नाय माका. तेना खोटा म्हटल्यान नाय, तेचो राग इलो.” कॉटवरून उठत ती म्हणाली, “आता तेका खोटा गावंक लावूचा.”

मला ते त्या दिवशी नीट समजलं नाही. मी तेव्हा दुसऱ्याच कामात होते. त्यांच्या गजराची चाल पेटीवर वाजवून वाजवून मी तो सोलत होते. डेस्कवर अशी सवय लागते. शेजारच्या दैनिकाने आपल्यापेक्षा चांगला मथळा दिला की तो कापून समोर ठेवायचा आणि कसा केला ते बघायचं. पहिल्या ओळीत “गेलं”, “गेली”, “गेली”. प्रत्येक आधीच्यापेक्षा जड. मग “तरी” हा शब्द, आणि त्यानंतर आई. कुठेही विशेषण नाही. माझ्या हाताखाली ती बातमी आली असती तर मी एकही शब्द बदलला नसता. हे कळल्यावर राग कमी होईल असं मला वाटलं होतं. तो वाढला.

गाणं कुठून येतं, असं मला कार्यक्रमानंतर बायका विचारतात. त्यांना भक्ती, पाऊस, विरह असं काही ऐकायचं असतं. माझ्यापुरतं सांगायचं तर चांगली ओळ मला कोणाचा तरी चेहरा समोर ठेवल्याशिवाय सुचत नाही, आणि तो चेहरा आवडता असेल तर ओळ ढिली पडते. प्रेमात माणूस दोन शब्द जास्त घालतो. रागात एकही चालत नाही. त्या वर्षी मी गोदामात बसून जेवढं लिहिलं तेवढं आधी कधी लिहिलं नव्हतं. त्यातल्या गवळणी आज बायकांची मंडळं गातात. यशोदेच्या तोंडी घातलेली एक तक्रार लोकांना फार हळवी वाटते. ती लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर हरेश बुवांची पेटीवरची बोटं होती.

याच काळात मी प्रसिद्ध झाले. बारी चित्रित करणाऱ्या एका वाहिनीने तो गजर मोबाईलवर टाकला आणि तो सगळीकडे फिरला. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मी मिरच्या घ्यायला उभी होते, तर दुकानातला पोरगेला माणूस म्हणाला, “ताई, तुम्ही त्या ड्युटीवाल्या बुवा ना?” परळला बँकेत रांगेत एका बाईंनी मागे वळून ओळ गुणगुणली आणि मग मला बघून जीभ चावली. दादरला फूलबाजारात एकाने माझ्यासोबत फोटो काढला आणि मित्राला सांगितलं, “हीच ती.” माझी स्वतःची गाणी मी इतकी वर्षं गात होते. त्यातल्या एकाही गाण्यामुळे मला रस्त्यात कोणी थांबवलं नव्हतं. लोक मला ओळखू लागले ते माझ्यावर दुसऱ्याने लिहिलेल्या गाण्यामुळे. कवीला यापेक्षा मोठा अपमान कोणता करता येईल ते मी शोधून पाहिलं आहे. सापडला नाही.

बातमी कशी फुटली ते काढायला मला वेळ लागला नाही. माझ्याच संगतीत झांज वाजवणारा नंदू. तो मनाने वाईट नाही. त्याला चहा लागतो आणि चहाबरोबर बोलायला लागतं, आणि करी रोडच्या ज्या टपरीवर तो चहा पितो तिथे हरेश बुवांचा पखवाजवालाही येतो. माझ्या पखवाजवाल्या भाऊंनी म्हटलं, “नंदूला काढ.” मी काढलं नाही. डेस्कवर आम्ही फुटका नळ बदलत नसू. त्याखाली काय ठेवायचं ते ठरवत असू.

दसऱ्यानंतर आई म्हणाली, “माका गावाक धाड. भात कापूक इला. आणि तुझ्या त्या झांजवाल्याक सांग, म्हातारेक कायमची धाडलंय.”

“आणि लोक मला काय म्हणतील?”

“म्हणांदेत. गावंदेत. ताच तर व्हया.”

मी नंदूला सांगितलं. तालमीनंतर, पेटी बंद करता करता, सहज. “आई आता तिकडेच राहील रे. मला इथे नाही जमत दोघींचं.” नंदूचा चेहरा पडला. तो म्हणाला, “बुवा, मावशी तिकडे एकटी?” मी म्हटलं, “कोणाला बोलू नकोस.” त्यानंतर काही करावं लागलं नाही.

आई गावात कोणाशीही खोटं बोलली नाही. हे तिने मला पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं आहे. ती फक्त संध्याकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीवर बसायची आणि कोणी “मुंबैक कधी जातंस?” असं विचारलं की पदर डोळ्यांना लावायची. वहाळ ओलांडून ती हरेश बुवांच्या घरीही जात असे. तिथे त्यांची आई एकटी राहते. वय झालेलं, कान जरा कमी, पाठ वाकलेली, पण अजून स्वतः चूल सारवते. दोघींनी मिळून कुळीथ निवडले, सुक्या कोकमांना मीठ लावलं. त्या म्हातारीने आईला सांगितलं की मुंबईत मुलाच्या दोन खोल्या आहेत, नातवंडं मोठी झाली, तिला जागा होत नाही. गणपतीला मुलगा येतो म्हणाला होता, आला नाही. त्या दिवसांत बाऱ्या फार असतात. त्या दिवशी ती शेवटच्या एसटीपर्यंत खळ्यात बसून होती. आईने हे सगळं ऐकून घेतलं, म्हातारीने दिलेला चहा प्यायला आणि घरी येऊन मला फोन केला.

“लिवन घी,” ती म्हणाली.

मी लिहून घेतलं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवतात की एकाच्या सांगण्यावरून बातमी लावायची नाही. दुसरा माणूस शोधायचा आणि ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यालाही विचारायचं. बुवांच्या धंद्यात हे कोणी शिकवत नाही. तिथे एकाने सांगितलेली आणि यमकात बसलेली गोष्ट पुरते. यमक जुळलं की ती खरी वाटायला लागते, गाणाऱ्याला सगळ्यात आधी. मी दोन्ही धंदे केले आहेत, त्यामुळे हरेश बुवा कुठे घसरतील ते मला नेमकं दिसत होतं.

काळजी एकच होती. चाळ पाडायची ठरली होती. लोकांनी घरं रिकामी करायची कागदपत्रं दिली होती, आणि येणारी पूजा त्या पटांगणातली शेवटची होती. मला उत्तर दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये द्यायचं नव्हतं. ज्या फरशीवर आईने तो द्रोण बाजूला ठेवला त्याच फरशीवर, त्याच लोकांसमोर द्यायचं होतं. ती पूजा चुकली असती तर ते उत्तर माझ्यापाशीच राहिलं असतं.

मंडळाचे चिटणीस परबकाका घरी आले ते चेहरा लांब करूनच. “बुवा, शेवटची पूजा आसा. सगळ्यांका वाटता, जोडी गेल्या खेपेचीच होवची. पण भांडाण नको हां.”

“भांडण कुठे काका? बारी आहे.”

“तुझा त्वांड बघून तसा वाटना नाय,” परबकाका म्हणाले. पण जोडी लावली.

गेल्या वर्षीच्या त्या सव्वीस जानेवारीला पटांगणात उभं राहायला जागा नव्हती. विरार, डोंबिवली, कुठून कुठून जुनी बिऱ्हाडं आली होती. माणसं आपापल्या बंद खोल्यांच्या दारांना हात लावून बघत होती. बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या आणि लगेच जागा पकडायला धावत होत्या. आई आदल्या दिवशी गावाहून आली होती. तळमजल्यावर राणेवहिनींच्या खोलीत, दार अर्धं लोटून, ती दुपारपासून बसून होती. वहिनींना तिने एवढंच सांगितलं होतं की गुडघे दुखतात, गर्दी नको. वहिनी तिला सारखं विचारत होत्या, “शिरो हाडू गो?” आणि आई सारखी म्हणत होती, “मगे.”

पहिली बारी हरेश बुवांची. अंगावर नवा क्रीम रंगाचा झब्बा, कपाळाला बुक्का. अभंग त्यांनी फार सुरेख गायला. शेवटच्या पूजेचा म्हणून गायला, आणि म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. मग पेटीचा सूर चढला, पखवाज दुप्पट लयीत गेला आणि गजर आला:

शहरात बुवा टाळ्या घेते, भजन गाते गोड
आई एकटी कोकणात, लेकीला नाही ओढ

यमक ढिलं होतं. ते मला आधी जाणवलं. मग लोकांचा आवाज आला. हसण्याचा नव्हता, “अरेरे” असा होता, आणि तो माझ्यासाठी होता. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी तोंडाला पदर लावला. हरेश बुवांनी ती ओळ तिसऱ्यांदा घेतली आणि कोरसकडे हात केला, तेव्हा राणेवहिनींचं दार उघडलं.

आईने हिरवी सुती साडी नेसली होती. गर्दीने तिला वाट दिली. ती कोणाकडे न बघता मंचाच्या पायरीपर्यंत आली आणि खाली उभी राहून, माइक नसताना, म्हणाली, “हरेश बुवा, मी हंय आसंय.”

झांज थांबली. पखवाज दोन ठोके एकटाच पुढे गेला आणि मग तोही थांबला.

वरच्या गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, “बुवा, एसटी लवकर इली काय?” आणि मग सगळी चाळ हसली. जिने हसले, गच्ची हसली. आधी “अरेरे” म्हणणाऱ्या काकू सगळ्यात मोठ्याने हसल्या. टाळ्यांनी पुढची ओळ घेताच येईना. “खोटा! खोटा!” असं पोरांनी लावून धरलं. परबकाका माइकवर “शांतता राखा” म्हणत होते आणि स्वतः हसत होते. नंदू माझ्या शेजारी झांज मांडीवर ठेवून खाली बघत बसला होता. आईला पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली गेली. आता तिने शिरा घेतला.

मग माझी बारी. मी घाई केली नाही. गणेशस्तवन घेतलं, अभंग पूर्ण गायले, आलापाला हवा तेवढा वेळ दिला. लोक थांबले होते. गजर मी साध्या चालीत बांधला होता, लहान मुलालाही उचलता यावा असा:

चाल झाली, ताल झाला, यमकसुद्धा जुळवलं
बुवा, आमच्या आईला तेवढं विचारायचं राहिलं

ही ओळ कोरसआधी लोकांनीच घेतली. इथे थांबता आलं असतं. मी वर्षभर ज्यासाठी लिहीत होते ती ओळ पुढची होती. ती खरी होती आणि पक्की करून घेतलेली होती.

माझी आई समोर बसली, हाती प्रसादाचं ताट
तुमची आई खळ्यात बसून बघते एसटीची वाट

हसू आलं नाही. कोरसने उचलायला एक क्षण उशीर केला. मी ती ओळ पुन्हा घेतली, हळू लयीत, प्रत्येक शब्द सुटा. तिसऱ्यांदाही घेतली. हरेश बुवा पेटीच्या भात्यावर हात ठेवून बसले होते. भाता उघडा होता आणि वाजत नव्हता.

त्यांची दुसरी पाळी आली तेव्हा त्यांनी टोमणा मारला नाही. एक भैरवी गायली. रीतीप्रमाणे शेवटी दोन्ही बुवांनी एकमेकांना बुक्का लावून गळाभेट घ्यायची असते. मंडळींसमोर आम्ही ती घेतली. कानाजवळ ते म्हणाले, “बुवा, आईवर गेलात.”

“तुम्ही आधी गेलात,” मी म्हटलं. “दोनदा.”

त्यांनी माझ्या कपाळाला बुक्का लावला. बोटं थंड होती.

त्या रात्री मला शांत झोप लागली. कलावंताने हे लिहू नये असा संकेत आहे. बदला घेतल्यावर पोकळी वाटते, हात रिकामे राहतात, असं पुष्कळ वाचलं होतं. मला काही पोकळ वाटलं नाही. सकाळी उठून मी चाल वाजवून पाहिली. ती चांगलीच होती. चाळीतल्या मुलांनी आठवडाभर ती गायली. मसाल्याच्या गल्लीतला तो माणूस मला बघून म्हणाला, “बुवा, विचारायचं राहिलं!” आणि धणे जास्त घातले. पहिल्यांदा कोणीतरी माझीच ओळ मला ऐकवली.

चाळ मार्चमध्ये रिकामी झाली. आता तिथे निळे पत्रे आहेत. त्यांच्या आत पटांगणाची फरशी अजून असेल किंवा नसेल; पत्र्यांमधून दिसत नाही. हरेश बुवांची आणि माझी त्यानंतर बारी झालेली नाही. मंडळांनी विचारलं तेव्हा त्यांनी तारखा नाहीत असं सांगितलं. त्या तारखांना ते दुसऱ्या बुवांसमोर बसले.

मोसम परत आला की जुन्या बाऱ्यांचे तुकडे मोबाईलवर परत फिरायला लागतात. या जानेवारीत त्या बारीचा एक तुकडा गावच्या गटांवर आला. कोणी कापला ते कळलेलं नाही. तो हरेश बुवांच्या गजराने सुरू होतो, ओळ तीनदा येते, आणि दार उघडण्याआधी संपतो. मी वाहिनीला पूर्ण चित्रण पुन्हा टाकायला सांगितलं. त्यांनी टाकलं. गावात कापलेलाच तुकडा बघतात. तो लहान आहे आणि लवकर उतरतो. गुडघ्यांमुळे आई वर्षभर गावी गेलेली नाही. घर बंद आहे. आम्ही भाऊबंदांना फोन करून सांगितलं की आई माझ्याकडे, करी रोडला आहे. त्यांनी “होय होय” म्हटलं, आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात. आई कुठेही असो, मी तिला बघत नाही, हे गावात ठरून गेलं होतं.

गेल्या आठवड्यात खासगी बसच्या ड्रायव्हरने परळ नाक्यावर एक पोतं उतरवलं. वर आईचं नाव होतं. आत नवे उकडे तांदूळ, कुळीथ, कोकमाच्या आगळाची बाटली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली कोकमं. पाठवणाऱ्याने ड्रायव्हरकडे तोंडी निरोप दिला होता. तो त्याने फोनवर आईला जसाच्या तसा सांगितला: “लेक बघी नाय तर रडा नको. माझाव तसाच आसा. उपाशी मातर रवा नको.”

पोतं हरेश बुवांच्या आईने पाठवलं होतं.

आईने तांदूळ डब्यात भरले. कोकमं बरणीत घातली. लुगड्याचा तुकडा धुऊन दोरीवर वाळत टाकला.